विहीर कुणी थांबवायची

आमच्या कशेळीच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत एक सिस्मिक सेक्शन टांगलेला आहे. जमिनीखाली खोलवर खडकांचे थर कसे पसरले असावेत, याचे ते काळ्या-पांढऱ्या रेघांचे चित्र. अशी चित्रे तेल कंपन्यांच्या कार्यालयांत असतात. बाबांनी ते घरात लावले, कारण खाडीकडचा जमिनीचा तुकडा विकून आलेले सगळे पैसे त्या चित्रात गेले होते.

गुजरातेतल्या एका भागात तेल आणि वायू शोधण्याचा परवाना एका लहान खासगी कंपनीला मिळाला होता. पहिली विहीर खणण्यासाठी तिने भागीदार जमवले, आणि गोदामांच्या व्यवहारांतल्या एका दलालाने बाबांना तिथवर पोचवले. मी भूभौतिकी शिकलेली. नवी मुंबईतल्या एका केंद्रात अशाच सर्वेक्षणांच्या नोंदी स्वच्छ करण्याचे काम करते. विहीर कुठे खणायची हे ज्या खुर्चीवरून ठरते, त्या खुर्चीपर्यंत पोचायचे, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मनाशी धरले होते. त्यामुळे सेक्शन घरी आला तेव्हा तो वाचून दाखवण्याचा मान साहजिकच माझ्याकडे आला.

मी शक्य तितके सोपे करून सांगितले. जड गाड्या जमिनीवर पोलादी पाट टेकवून तिला थरथरवतात. ती थरथर खाली जाते, प्रत्येक थरावरून थोडी परत फिरते, आणि वर रांगेने मांडलेली यंत्रे तिचे परतणे टिपून घेतात. जितका उशीर, तितकी खोली. अडचण अशी की त्या भागात वर काळ्या कातळाचा जाड थर आहे, आपल्या पायाखाली आहे तसाच, आणि कातळ ही थरथर विखरून टाकतो. त्याच्याखालचे सगळे दुधी काचेतून पाहिल्यासारखे दिसते.

काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कामतघरला कापडाचे लूम चालवतात. ते चौकटीजवळ नाक नेऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही तं लुंगी हाय. यवरी वरसं शिकून पोरगी लुंगी वाचाला शिकली." सगळे हसले. मीही हसले, कारण सेक्शन खरोखरच चौकड्यांच्या कापडासारखा दिसतो.

बाबांनी एकच विचारले: लागेल का. मी सांगितले की माझ्या अंदाजाने चारात एकदा लागेल आणि तीनदा कोरडी जाईल. हा धंदा अशाच हिशेबावर चालतो, म्हणून मोठ्या कंपन्या सगळे पैसे एका विहिरीत कधीच घालत नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जमीन मना कवा न्हाय बोलली, बाय?"

ती त्यांना खरोखरच कधी नाही म्हणाली नव्हती. भरतीचे पाणी शिरणारी आमची खाजणाची जमीन एके काळी कुणी फुकट घेत नसे. मग गोदामे आली, रस्ता रुंदावला, आणि त्याच चिखलाला असे भाव आले की ज्यांनी आधी घाईने विकले त्यांच्यातले काही आज स्वतःच्या जुन्या बांधावर वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसतात. आमच्या गावात जमिनीतले नुकसान म्हणजे जमीन लवकर सोडल्याचे नुकसान. ती धरून ठेवल्याने, तिच्यात आणखी घातल्याने कुणी बुडाल्याचे आमच्या माणसांनी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या एखाद्या गावच्या माणसाला "चारात एक" ऐकून घाम फुटला असता. बाबांना त्यात फक्त "एक" ऐकू आला.

विहीर सुरू झाली त्या दिवशी आईने सेक्शनपुढे नारळ वाढवला. कंपनी भागीदारांना रोजची खोली फोनवर कळवत असे आणि बाबा ती जेवताना आम्हाला ऐकवत. कातळ अपेक्षेपेक्षा जाड निघाला. अखेर एका सकाळी तो संपला आणि खाली वालुकाश्म लागला, सेक्शनमध्ये दाखवला होता जवळजवळ त्याच खोलीवर. बाबा पेढे आणायला निघाले. मी त्यांना अडवले. वाळूचा खडक सापडणे म्हणजे तेल सापडणे नव्हे. त्याच्या छिद्रांत काय भरले आहे, ते विहिरीत उपकरण सोडून मोजायचे असते. मोजणी झाली. खारे पाणी होते.

"खारं पानी तं आपल्या जमिनीत पन व्हतं," बाबा म्हणाले.

मला वाटले होते, गोष्ट इथे संपेल. खाडीकडचा तुकडा गेला, वाईट झाले, पण आमचे भाड्याचे गोदाम आहे. कंपनीने मात्र भागीदारांपुढे एक प्रस्ताव ठेवला. वालुकाश्माच्या बऱ्याच खाली सेक्शनमध्ये आणखी एक अंधुक रेघ दिसते. विहीर खणणारी रिग जागेवर उभीच आहे. सगळ्यांनी पुन्हा पैसे घातले तर तिथवर उतरता येईल. नाही घातले, तर विहीर सिमेंटने बंद करावी लागेल. उभ्या रिगचे भाडे चढत असल्यामुळे उत्तर आठवड्याच्या शेवटी होणाऱ्या बैठकीत हवे होते.

बाबांनी त्याच संध्याकाळी दलालाला फोन लावला. आमच्याकडे उरलेले एकमेव गोदाम नुकतेच रिकामे झाले होते आणि नव्या भाडेकरूशी बोलणी चालू होती. रिकामे गोदाम विकायला सोपे, असे ते फोनवर सांगत होते आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. घरातले दोन वेळचे जेवण, आईची औषधे, सगळे त्या गोदामाच्या भाड्यावर चालत होते. माझा पगार अजून मला एकटीलाच पुरत होता. 

कंपनीकडून भागीदार म्हणून बाबांना मिळालेल्या मूळ नोंदी मी मागून घेतल्या आणि सुट्टीचा सगळा दिवस त्यांच्यावर घातला. अंधुक रेघ कातळाच्या तळाच्या ठळक रेघेच्या बरोबर दुप्पट वेळेवर येत होती. ठळक रेघ जिथे जितकी कलली होती, तिथे ही त्याच्या दुप्पट कलली होती. आमच्या विद्येत याचा अर्थ बहुधा एकच निघतो. तो खडक नसतो, वरच्याच खडकाचा प्रतिध्वनी जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन आलेला असतो. मी कंपनीच्या अधिकाऱ्याला लिहिले. तुमची शंका आम्ही नाकारत नाही, पण तिथे खडक असल्याची शक्यताही नाकारता येत नाही, असे अतिशय सभ्य उत्तर आले.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना गोदामात घेऊन गेले. शटर आतून खाली ओढले. लांबलचक रिकाम्या जागेत आम्ही दोघेच होतो. मी त्यांना टाळी वाजवायला सांगितले. समोरच्या भिंतीवरून आवाज परत आला, आणि थोड्या वेळाने त्याचीच एक पुसट सावली आली. मी समजावले की दुसरा आवाज समोरच्या भिंतीमागच्या दुसऱ्या भिंतीचा नाही. पहिलाच आवाज आपल्या मागच्या शटरवर आपटून पुन्हा तिकडे जाऊन आला. विहिरीखालची ती रेघ अशीच आहे. बाबांनी तीन-चार वेळा टाळ्या वाजवून पाहिल्या. त्यांना ते पटले, हे मला त्यांच्या मान हलवण्यावरून कळले. मग त्यांनी विचारले, "पन त्या भितीच्या मागं काय हाय, ते टालीनं कलत न्हाय ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग?"

तर्क म्हणून त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. एखादा पुरावा खोटा ठरला म्हणजे वस्तू नाही हे सिद्ध होत नाही, हे मला पहिल्या वर्षाला शिकवले होते. बाबांना गोदाम विकायला तेवढी फट पुरेशी होती. ती फट बुजवणारा एकही आलेख माझ्याजवळ नव्हता.

मी काकांकडे गेले. लूमच्या आवाजात काही बोलता येईना, म्हणून ते बाहेर आले. बैठकीत तुम्ही बोला, असे मी त्यांना विनवले. ते बाबांचे भाऊ, बाबा त्यांचे ऐकतात. काकांनी ठाम नकार दिला, आणि का ते मला ठाऊक होते.

आमच्याकडे बोअर मारतात तेव्हा सगळे घर भोवती खुर्च्या टाकून बसते. ठरल्या खोलीवर पाणी लागले नाही की मशीनवाला मशीन बंद करून हिंदीत विचारतो, और डालूँ क्या? अशा वेळी कुणी थांबवा म्हणत नाही. जो म्हणेल त्याच्यामुळे पाणी खाली राहून गेले, असे कायमचे धरले जाते. म्हणून प्रत्येक जण अजून पन्नास फूट म्हणतो, आणि मशीनवाल्याचे पाइप संपेपर्यंत हे चालते. पाइप संपले की दोष कुणाचाच नसतो. काकांनी तरुणपणी एकदा थांबवा म्हणून हा नियम मोडला होता. पुढे शेजाऱ्याने काही पावलांवर बोअर मारली आणि तिला काकांनी थांबवले होते त्याहून खोलवर पाणी लागले. तेव्हापासून कुणाच्याही हळदीला काका पंगतीत बसले की पाण्याचा जग धरलेला माणूस वाकून विचारतो, "वाढू का थांबवू?"

"मी एकदा बोललो," काका म्हणाले. "अजून पानी पितो तवा आयकतो. आता तू बोल. तू तं शिकलेली हायस."

शिकलेली असणे आणि थांबवा म्हणणे यांचा काय संबंध, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. पण घरात दुसरे कुणी उरले नव्हते. आई म्हणाली की तिने आयुष्यात बाबांच्या व्यवहारात तोंड घातले नाही आणि आता घालून ते ऐकणार नाहीत.

बैठक फोनवर होती. बाबांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. काका दाराजवळ बसले होते, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. अधिकारी एकेका भागीदाराला विचारत होता. कुणी म्हणाले, बाकीचे जे ठरवतील ते. कुणी म्हणाले, एवढे गेलोच आहोत तर. एकाने तब्येतीचे सांगितले आणि उत्तर दिलेच नाही. पुढे जाऊ या असे ठासून कुणी म्हणत नव्हते, आणि थांबवा असेही कुणी म्हणत नव्हते. माणसे वेगवेगळ्या गावांची होती, काहींच्या भाषाही वेगळ्या होत्या, तरी मला भोवती टाकलेल्या खुर्च्या स्पष्ट दिसल्या.

मग बाबांची पाळी आली. अधिकाऱ्याने विचारले, "शेठ, तुमचं काय? उतरायचं खाली?"

 बाबांनी काकांकडे पाहिले. काका चपलांकडे पाहत होते. आईकडे पाहिले, तिने पदर सारखा केला. मग ते माझ्याकडे पाहू लागले आणि पाहतच राहिले. दलाल गिऱ्हाईक घेऊन सकाळीच गोदाम पाहून गेला होता.

"थांबवा," मी म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा लागला.

कोण बोलतंय, असे पलीकडून विचारले गेले. बाबा फोनकडे वाकले. "माझी पोरगी," ते म्हणाले. "थांबवा बोलतेय. ती शिकलेली हाय."

 पलीकडून एक जण म्हणाला, मग आमचंही तेच समजा. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. त्यांच्या सुटकेचा निःश्वास मला ऐकू येत होता. ज्या खुर्चीची मी इतकी वर्षे वाट पाहिली तिच्यावर मी त्या दिवशी काही मिनिटे बसले होते. माझ्या शब्दावर ठरलेली ती पहिली विहीर, आणि मी ती बंद करायला लावली.

विहिरीत सिमेंट ओतले गेले. आता तिथे कुणी उतरणार नाही. त्यामुळे मी बरोबर होते की नाही, हे कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. माझा अंदाज आजही तोच आहे. पण अंदाज पडताळण्याचा एकमेव मार्ग मी स्वतःच बुजवला, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याचे काय करायचे ते माहीत नसते. ऑफिसात असे प्रतिध्वनी मी दिवसभर पुसत असते. पूर्वी सहज पुसायची. आता प्रत्येक रेघेशी हात थबकतो.

बाबा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर वाद घालता आला असता. घरी पाहुणे आले की ते त्यांना सेक्शनपुढे नेतात, बोटाने वरून खाली येतात आणि वालुकाश्मावर थांबतात. "हितवर गेलो," ते सांगतात. "याच्या खाली व्हतं. पोरीनं थांबवली." पाहुणे माझ्याकडे बघतात. मी चहाचा ट्रे पुढे करते.

नात्यातल्या एका हळदीला मी शेगडीजवळ उभी असताना आचाऱ्याला मदत करणाऱ्या एका मावशीने लायटर हातात घेऊन विचारले, "बाय, गॅस चालू करू का थांबवू?" मांडवभर हशा पिकला. काका सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या दिवशी पंगतीत त्यांना पाण्यावरून कुणी काही विचारले नाही.

गोदामाला भाडेकरू मिळाला. चाव्या द्यायच्या दिवशी बाबांनी मला बरोबर नेले. ट्रक अजून यायचे होते. बाबांनी शटर आतून खाली ओढले, तिथेच पाठ लावून उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. आवाज परत आला. ते कान देऊन थांबले.

"दुसरा आला?"

"आला."

"तो खोटा ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तरी शटर न उचलता, हात वर घेऊन पुन्हा टाळी वाजवली.