तोंडातल्या टाचण्या

माझी आत्या कपडे शिवते आणि येता-जाता माणसं उसवते. तिच्या जिभेला कात्रीची धार आहे, हे मी अभिमानाने सांगतो, कारण मीही अनेकदा उसवला गेलो आहे. अशी ही बाई फक्त एका माणसापुढे तोंड बंद ठेवायची. ते माणूस म्हणजे तिची सून.

सून परभाषेतली. हात शिवणात तयार, पण आपली भाषा नवी. त्यात सासरे, म्हणजे माझे आतोबा, व्याकरणाचे निवृत्त मास्तर. घरी आलेल्या शुभेच्छापत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते उलट टपाली परत पाठवणारे. सून "बाही लांब झाला" म्हणाली की ताटावरूनच यांची घंटा वाजायची, "झाली. बाही झाली." पोरगी इतकी धसकली की 'हो' आणि 'नाही' एवढ्यावरच आली. त्या दोन शब्दांत चुकायला जागा नव्हती.

इकडे आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. महिनाभर दुकान सुनेने चालवायचं, नाहीतर कुलूप. आणि न बोलता गिऱ्हाईक कोण सांभाळणार?

आत्याने उपाय काढला. सून तोंड उघडते आहे असं दिसलं की ती चार टाचण्या ओठांत धरायची. मग मध्ये बोलायची सोयच नाही. सुनेचं वाक्य लंगडत का होईना, घरी पोचेपर्यंत टाचण्या जागेवर. नंतर त्या काढून सहज विचारायची, "बाही लांब झाली होय? आण, बघू."

"टाका आतून घालावा," ती मला म्हणाली, "वरून दिसला की शिंपी कच्चा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक वकील नवा कोट घेऊन तणतणत आले.

"बटण लागत नाही. कापड चोरलंत की काय?"

आत्या जागची हलली नाही. टाचण्या ओठांत धरून सुनेकडे बघत राहिली. डबा द्यायला आलेले आतोबा दारातच थबकले.

सून म्हणाली, "साहेब, माप देताना तुम्ही पोट आत घेतला. आता पोट बाहेर आला. कोट काय करणार?"

वकिलांनी खाली पाहिलं. पुरावा समोरच होता.

"सैल करता येईल?" त्यांनी नरमून विचारलं.

"येईल. पण आता श्वास सोडून उभा राहा."

आतोबांचा जबडा उघडला. आत्याने टाचण्यांची डबी पुढे केली. मास्तरांनी निमूटपणे चार उचलून ओठांत धरल्या.

वकील गेल्यावर सून आपणहून वळली. "बाबा, आता सांगा. कुठे चुकला?"

ज्या प्रश्नासाठी मास्तर जन्मभर थांबले होते, तो अखेर आला आणि यांचं तोंड भरलेलं. ऊं ऊं करत ते एकेक टाचणी काढू लागले.

आत्याने तोवर स्वतःच्या टाचण्या डबीत टाकल्या, कमरेची किल्ली सोडून सुनेच्या हातात दिली आणि काहीतरी बोलायला गेली. बराच वेळ तिला शब्द सापडला नाही. तोंडात तर एकही टाचणी नव्हती.