उजवा पाय अनवाणी

गायकवाड मॅडम गाडीत बसल्या की आधी उजव्या पायातली चप्पल काढून सीटच्या मागे ठेवायच्या. डाव्या पायातली तशीच. मग आरसा, मग पट्टा, मग चावी. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या गोडाऊनमध्ये आलेला नवा ड्रायव्हर पहिल्या दिवशी हे पाहून हसायचा. दुसऱ्या दिवशी मॅडम त्यालाही चप्पल काढायला लावायच्या. “चपलेला काय कळतं किती दाबलं ते? पायाला कळतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गोडाऊनच्या छोट्या डिलिव्हरी गाड्या त्यांच्या ताब्यात होत्या. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, आवाजानं भारदस्त बाई. नवऱ्याची पाठ गेली तेव्हा त्याचा टेम्पो त्यांनी स्वतः हाती घेतला आणि अकरा वर्षं चालवला, त्यामुळे गाडीतलं कोणी त्यांना शिकवायला जात नसे. मी तिथेच स्टॉकवर होतो. माझं त्यांच्याशी नातं चहापुरतं होतं, ते माझ्या गाडीमुळे वाढलं.

भिवंडीत कशाचंही खापर यंत्रमागातून उडणाऱ्या रुईवर फोडायची पद्धत आहे. खोकला झाला, रुई. पंखा बंद पडला, रुई. निजामपुऱ्यात भावाच्या लूमसमोर माझी जुनी छोटी गाडी उभी असते आणि सकाळपर्यंत तिच्यावर पांढरा थर बसतो. ती लिटरला अकरा किलोमीटर देऊ लागली तेव्हा सगळी गल्ली एकमुखानं म्हणाली, एअर फिल्टरमध्ये रुई गेली. मी चार महिन्यांत तीन फिल्टर बदलले. गाडी अकराच देत राहिली.

ही गाडी हौसेची नव्हती. आईची किडनी गेलेली, आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी ठाण्याला न्यावं लागे. मी दुसरी शिफ्ट मागून घेतली होती. पेट्रोल परवडेना म्हणून मी एसी बंद केला. भर मे महिन्यात, काचा उघड्या, मानकोली नाक्यावरच्या ट्रेलरांचा धूर आत येतोय आणि मागच्या सीटवर आई पिशवीत ओकतेय, असा आमचा परतीचा प्रवास चालायचा. ती बिचारी एका शब्दानं काही बोलायची नाही. शेवटी गाडी विकायची ठरवली. मग आईच्या नशिबी रिक्षा आणि खड्डे होते, हे मला ठाऊक होतं. तरी मागच्या काचेवर ‘विकणे आहे’चा कागद मी लावला.

मॅडमनी तो गोडाऊनच्या पार्किंगमध्ये वाचला आणि सगळी हकिकत माझ्याकडून काढून घेतली. रुईचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “म्हात्रे, पुढच्या खेपेला मी येते शेजारी. आई मागं असतानाच बघायचीय मला.”

पुढच्या खेपेला मॅडम सकाळी सात वाजता गल्लीत हजर झाल्या. गाडी सुरू करायच्या आधीच त्यांनी चारही टायर तपासले. हवा कमी होती. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दारावरच लिहिलेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. टपावरचा कॅरियर काढून भावाच्या स्वाधीन केला. डिकीत दिवाळीपासून पडलेले कापडाचे दोन तागे निघाले, तेही त्यांनी बाहेर काढायला लावले. हवा भरून आम्ही निघालो.

माझा डावा पाय सतत क्लचवर आणि उजवा कधी धाडकन ॲक्सिलरेटरवर, कधी धाडकन ब्रेकवर, एवढं त्या जाताना पाहत होत्या. आईचं डायलिसिस होईपर्यंत बाकावर बसून मात्र त्यांनी माझा यथेच्छ समाचार घेतला. समोर लाल दिवा दिसतोय, तरी गाडी पळवता कशाला? पाय काढा, ती आपोआप हळू होते. गाडी दम टाकतेय तोवर खालचा गिअर, मोकळी झाली की वरचा. क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट नव्हे. “रुईला कशाला बदनाम करता? पेट्रोल तुमचा पाय खातोय.”

परत निघताना त्यांनी हात पुढे करून एसी लावला. मी दचकून बंद करायला गेलो.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “हे पेट्रोल आईच्या कामाला येतंय. ब्रेकवर जाळता ते कोणाच्या कामाला येतं?”

मी हात मागे घेतला. मी आजवर किलोमीटर मोजत होतो आणि आईच्या जिवावर काटकसर करत होतो, हे त्या दिवशी मला स्वच्छ कळलं. त्याची लाज आजही वाटते. मानकोलीला ट्रेलर अडकले होते. मॅडमच्या सांगण्यावरून मी पुढच्या गाडीच्या मागे घुसत राहिलो नाही, अंतर सोडून एका लयीत सरकत राहिलो. आईची पिशवी घडी न मोडता तशीच राहिली. घरी पोचायला रोजच्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागली, आणि आई उतरता उतरता म्हणाली, “आज बेगीन आलो घरी.”

कागद मी त्याच दिवशी काढला.

आई त्यानंतर सव्वा वर्ष राहिली. तिच्या सगळ्या खेपा त्याच गाडीतून झाल्या. ती गेली तेव्हा मॅडम भेटायला आल्या. काही दिवसांतच त्या नोकरी सोडून लेकीकडे नाशिकला जाणार होत्या. शाळेतल्या पोरानं मार्क सांगावेत तसं मी त्यांना सांगू लागलो, मॅडम, एसी लावूनही आता सतरा देते.

त्यांनी ते कानाआड केलं.

“आईंना गाडीत झोप लागायची का?”

“लागायची. मानकोली मागं पडली की लागायची. घरी आलो की उठवावं लागायचं.”

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.

“मग गाडीनं ॲव्हरेज चांगलं दिलं.”