बाजाराच्या दिवशी पाहिलेला हात

आमच्या घरात रोग ओळखायचं काम बाबांनी एकदाच केलं, आणि तेही अशा थाटात की कुणाला शंका घ्यायची सोयच उरली नाही.

अड्याळात त्यांचं किराण्याचं दुकान होतं. हंगामात धानाची खरेदीही करायचे. दाणा दाताखाली धरून तो किती ओला आहे ते सांगत, आणि सहसा चुकत नसत. अशा माणसाला हळूहळू सगळ्याच गोष्टीतलं कळायला लागतं. मुलगी म्हणून मी हे प्रेमानंच म्हणते, पण म्हणते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी सातवीत होते. आमच्यातच राहणाऱ्या काकांना त्या पावसाळ्यात क्षय निघाला आणि त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. हाताच्या आतल्या बाजूला बारीक सुई टोचली, कातडीखाली डास चावल्यासारखा फोड उठला. मायच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, त्यामुळे नर्सबाईंना मोकळी जागा शोधावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, चोळायचं नाही, काही लावायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी हात दाखवायला यायचं.

तिसरा दिवस नेमका गावच्या बाजाराचा निघाला. खेड्यापाड्यांतून गिऱ्हाईक येणार, आणि दुकान बंद ठेवून हात दाखवायला भंडाऱ्याला जायचं, हे बाबांच्या हिशोबात बसेना. सकाळी त्यांनी आम्हाला दुकानाच्या दारात, उजेडात उभं केलं आणि म्हणाले, हात तर आहे, पाहून घेऊ.

माझा हात लालभडक झाला होता, मधे बोराएवढी कडक गाठ. बाबांचाही थोडा सुजला होता, पण तो त्यांनी पोती उचलण्याच्या खात्यात टाकला. मायच्या गोंदणात मात्र काहीच नव्हतं. तिथं सुई टोचली होती हेही सांगावं लागलं असतं. बाबांनी निकाल दिला, पोरीला लागलं, माय सुटली.

त्या दिवसापासून माझी शाळा बंद झाली. सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, माझी खाट पडली आणि मला वेगळी जर्मन धातूची थाळी मिळाली. शेजारच्या बाया दुरून चौकशी करून जात. जवळ यायची ती फक्त माय. आपला न सुजलेला हात ती बायांना दाखवायची आणि म्हणायची, "माह्या हाताले काईच नाई झालं. मी करतो हिचं, मले काय भेव?"

तिनं खरोखर सगळं केलं. घरात एकच गाय दुभती होती, तिचं दूध माझ्याकडे वळलं. तूप माझ्या भातावर पडू लागलं. मी धडधाकट पोरगी, सपरीत लोळून लोळून गुबगुबीत झाले. माय वाळत चालली. खोकायची, तर चुलीचा धूर म्हणायची. संध्याकाळी अंग तापायचं, तर दगदग म्हणायची. आम्हीही तेच म्हणायचो, कारण तिचा हात आम्ही पाहिला होता ना.

धान कापून झाल्यावर काकांना घरी आणायला आम्ही सगळे भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, हात दाखवायला का आला नाहीत. बाबा म्हणाले, घरीच पाहिला, पोरीला निघाली बीमारी. डॉक्टरांनी माझी छाती तपासली, फोटो काढला आणि पोरीला काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. सूज येणं म्हणजे रोग नव्हे. जंतू शरीरात कधीतरी शिरलाय आणि शरीरानं त्याला ओळखलंय, एवढाच त्याचा अर्थ. निकाल लालीवरून ठरत नाही. बोटानं चाचपून कडक भाग किती आहे ते मोजतात, आणि मग माणूस तपासतात.

हे चाललेलं असताना माय दारात खोकत होती. डॉक्टर बोलायचे थांबले. तिला आत बोलावलं, वजन केलं, ती इतकी का वाळली म्हणून विचारलं. माय म्हणाली, दूध बीमार पोरीला लागतं.

फोटोत तिची छाती खराब निघाली, थुंकीतही जंतू सापडले. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिले, हिच्या हाताला तर काही आलं नव्हतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शरीर फार थकलं की हात उत्तरच देत नाही."

परतीच्या एसटीत माय माझ्याजवळ बसली नाही. घरी आल्यावर तिनं मला आत धाडलं आणि माझी खाट, माझी थाळी आपल्याकडे घेतली. ती मरेल असं मला वाटत होतं, आणि माझ्या गालांवर चढलेलं मांस तिचंच आहे असंही वाटत होतं. रोजची सुई आणि मूठभर गोळ्या सुरू झाल्या. दूध तिच्याकडे वळलं. ती गुपचूप ते मला द्यायला बघायची, म्हणून पेला रिकामा होईपर्यंत मी दारात बसून राहायची.

पुढचा पावसाळा सरेपर्यंत तिच्या अंगावर थोडं मांस आलं, थुंकी साफ आली. डॉक्टरांनी पुन्हा एकदा तीच सुई टोचून पाहिली. तिसरा दिवस परत बाजाराचाच निघाला.

बाबांनी दुकानाला कुलूप लावलं. बाजाराच्या दिवशी बंद दुकान पाहून लोकांना वाटलं, घरात कोणी गेलं. भंडाऱ्याला डॉक्टरांनी गोंदणावरून बोट फिरवलं, मोजपट्टी लावली आणि बाबांनाही चाचपून पाहायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटून बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "कडक आहे," एवढंच म्हणाले, आणि बाहेर बाकावर जाऊन रडले.

गावात परतल्यावर मायनं तो सुजलेला हात शेजारणीला दाखवला. ती हळहळली, "तुले बी निघाली का वो बाई?"

माय हसली. म्हणाली, "नाई वो. आता मी बरी होऊन राहिलो."

त्या संध्याकाळी तिनं सपरीतली थाळी उचलून आत आणली आणि माझ्या शेजारी मांडली.