दहाची गोळी

वडील हृदयाच्या दुखण्याने पुण्यातल्या एका हॉस्पिटलात होते, तेव्हा ती भेटली. यवतमाळकडची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. नाव मी कधी विचारलंच नाही. वॉर्डात औषधांचं नवं संगणकी कपाट आलं होतं. सिस्टरांनी पासवर्ड टाकला, की त्या पेशंटच्या गोळीचा खण आपोआप उघडायचा. बाकीच्या मुली गोळी उचलून निघायच्या. ही मात्र पाकिटावरचं अक्षर न् अक्षर ओठ हलवत वाचायची.

"काय गं, मशीनवर विश्वास नाही वाटतं तुझा?" नारायण पेठेत जन्म काढलेल्या वडिलांनी एकदा विचारलंच.

"आहे ना काका. पण त्यात गोळ्या माणूसच भरते."

एका सकाळी ती खणापाशीच थबकली. सिस्टर करवादल्या, "उशीर होतोय, दे लवकर!"

पण ती हलली नाही. "सिस्टर, काकांना पाच मिलिग्रॅमची गोळी आहे. ही दहाची आहे."

सिस्टरांनी पाकीट पाहिलं आणि तो खणच बंद केला. खण भरतानाच चूक झाली होती.

पंधरा मिनिटांनी ती योग्य गोळी घेऊन आली. "सॉरी काका, आज उशीर झाला."

कुणाचं कौतुक सहसा न करणाऱ्या वडिलांनी तिच्यापुढे हात जोडले. ती लाजेनं लाल झाली आणि रागावल्यासारखं म्हणाली, "हात सोडा आधी. जोडलेल्या हातांत गोळी कशी देऊ?"