हातानं फिरवून पाहणारे मामाजी

कोणतंही यंत्र सुरू करण्याआधी मामाजी ते हातानं फिरवून पाहत. मार्च लागला की अकोल्यात घरोघरी कूलर निघतात. आमचा कूलर धुऊन-पुसून तयार झाला तरी मामाजी आधी पंख्याचं पातं बोटानं ढकलत, ते थांबेपर्यंत कान देऊन ऐकत आणि मगच म्हणत, “लाव आता बटन.” मिक्सरचंही तेच. पाहुणे ताटावर खोळंबले असले तरी आतलं पातं आधी चमच्यानं फिरवावंच लागे. लग्नाआधी मला पाहायला ते अमरावतीला आले, तेव्हा आमच्याकडच्या शिलाई मशीनचं चाक त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं होतं. माझ्याकडे त्या मानानं कमीच पाहिलं.

फिरवताना काही अडलं, तर पुढचा नियम ठरलेला. “अडलं तं जोर नाई लावाचा. थांबाचं. कावून अडलं ते पाहाचं.” हा नियम माणसांनाही लागू होता. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, संजयचं, कधी वाजलं आणि तो आवाज चढवायला लागला, की बैठकीतून हाक यायची, “संज्या, जोर नोको लावू.” संजय गप्प बसायचा. मी मात्र तेवढ्यात एखादं वाक्य जास्तीचं बोलून घ्यायची.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी पाटबंधारे खात्यात कारकून होते. गाड्यांशी त्यांचा कामाचा काही संबंध नव्हता. पण निवृत्तीच्या वेळी घेतलेल्या पांढऱ्या डिझेल गाडीचं बॉनेट त्यांनी कधी गॅरेजवाल्याला उघडू दिलं नाही. “ज्याच्यात आपून बसतो, त्याच्या पोटात काय हाये ते मालूम पाह्यजे,” असं म्हणायचे. सुरुवातीला त्या पोटातलं काढलेलं सगळं परत बसत नसे. एकदा दोन बोल्ट उरले होते. ते त्यांनी बरेच दिवस खिशात घालून हिंडवले, पण गॅरेजला गेले नाहीत.

त्यांचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे टायमिंग बेल्ट बदलणं. हा एक दातेरी रबरी पट्टा असतो. इंजिनाच्या खालच्या आणि वरच्या चाकांना तो एका तालात फिरवतो. काही वर्षांनी तो बदलावा लागतो, आणि बदलताना दाते चुकले तर आतले भाग एकमेकांवर आपटून इंजिन भंगारात जातं. म्हणून जुना पट्टा काढण्याआधी चाकांवर आणि पट्ट्यावर खुणा करून ठेवायच्या आणि नवा पट्टा त्याच खुणांवर बसवायचा. या खुणा आमच्या घरी लाल नेलपॉलिशनं होत, आणि त्या करण्याचा मान आत्याबाईंचा.

बाटली कुठल्या तरी लग्नात भाचीनं दिलेली. आत्याबाई जन्मभर अंगणवाडीत राबल्या, नखं रंगवायची हौस कधी केली नाही. अंगणात कडुनिंबाखाली गाडी जॅकवर चढली, पुढचं चाक निघालं, की त्या पोतं अंथरून तिथे बसत. मामाजी टॉर्च धरत आणि आत्याबाई जिभेचं टोक दातात धरून टिपका देत. “माह्या नखाले नाई लागली कधी, अन् याच्या गाडीचा शिणगार करून राहिली मी,” असं दर वेळी म्हणत. मामाजी म्हणत, “हात हालवू नोको.” तिसऱ्या माणसाला तिथे जागा नसे. मी चहा ठेवायची आणि परत यायची.

आत्याबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात बेल्टची वेळ परत आली. संजय नोकरीसाठी आठवडाभर अमरावतीत असतो. त्यानं फोनवर सांगितलं, “बाबा, या वेळी गॅरेजले द्या. तुमचं वय झालं.” मी रोज त्याच गाडीनं बाळापूरच्या शाळेत जाते, शिकवायला, तेव्हा काळजी रास्त होती. मामाजींनी ऐकून घेतलं, “बरं, जयभीम,” म्हणून फोन ठेवला आणि जॅक काढायला गेले.

या वेळी टॉर्च माझ्या हाती आली. बाटलीतली नेलपॉलिश घट्ट झाली होती, मामाजींनी तीत थोडं थिनर घातलं होतं. पट्ट्यावरचं झाकण काढून आत उजेड टाकला तर वरच्या चाकावर मागच्या वेळचा टिपका तसाच होता, काळपटलेला पण नेटका. खाली तसाच दुसरा. खुणा दर वेळी नव्या होतात, जुन्या खुणा पेट्रोलनं पुसून टाकायच्या असतात. मी फडकं उचललं.

“राहू दे,” मामाजी म्हणाले.

“गोंधळ होईल ना.”

“तुले काय त्रास देऊन राहिले ते?”

मी फडकं खाली ठेवलं. त्यांनी जुन्याच्या शेजारी आपले नवे टिपके दिले. थिनरमुळे ते पसरले. मग त्यांनी त्या खुणा नव्या पट्ट्यावर उतरवल्या, जुना पट्टा काढला आणि नवा बसवला. पट्टा ताणून झाल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी खालच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन हातानं फिरवायला घेतलं.

अर्ध्या वाटेत पाना थांबला.

मामाजींनी पाना थोडा मागे घेऊन परत फिरवला. परत तिथेच थांबला. मग मी जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी पाना धरला आणि दात आवळले. आता हा माणूस जोर लावणार हे मला कळलं, आणि जोर लावला तर इंजिन जाणार हेही.

“मामाजी,” मी म्हटलं, “अडलं तं जोर नाई लावाचा.”

माझी भाषा एरवी शाळेतली, पण तेव्हा तोंडातून त्यांचंच वाक्य त्यांच्याच बोलीत निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात सैल पडले. म्हणाले, “टॉर्च दाखव.”

वरच्या चाकावर दोन टिपके होते, एक पसरलेला आणि एक नेटका. पट्टा त्यांनी नेटक्यावर बसवला होता.

“हा तं तिचा हाये,” मामाजी म्हणाले आणि आत्याबाईंच्या पोत्यावर बसले. “तिचाच दिसला मले. नजर तिकडंच गेली.”

त्यांनी फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं, चाकापर्यंत नेलं आणि माझ्याकडे दिलं. “तू पूस. माह्याच्यानं नाई होत.” मी पुसलं. आत्याबाईंचे दोन्ही टिपके, वरचा आणि खालचा, एकाच फटक्यात निघाले, मामाजींचे पसरलेले तेवढे राहिले. मला रडू आवरेना, आणि मामाजींनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “चाल, पट्टा काढू.”

पट्टा पुन्हा बसला. पाना फिरला, कुठेही न अडता. त्यानंतरच त्यांनी चावी माझ्या हातात दिली. संध्याकाळी संजयला फोनवर म्हणाले, “झालं. तुह्या बायकोनं केलं.” आणि मला म्हणाले, “पुढच्या वेळी पाना तुह्या हाती. मी बसतो पोत्यावर.”

पोत्यावर बसायला मामाजी राहिले नाहीत. पुढची वेळ यायच्या आधीच एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

या डिसेंबरात बेल्टची वेळ आली. संजयनं गॅरेजचं नाव काढलं, मी जॅक काढला. झाकण उघडलं तर वरच्या चाकावर मामाजींचा टिपका होता, पसरलेला, एका बाजूला ओघळलेला. संजयनं टॉर्च त्यावर धरली. “हा राहू दे ना,” तो म्हणाला. मला त्याचा हात धरावासा वाटला. पण मी फडकं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि टिपका पुसला.

बाटली वाळून दगड झाली होती. आमच्या मुलीची निळी नेलपॉलिश घेऊन नव्या खुणा केल्या. नवा पट्टा बसवला, खालच्या बोल्टला पाना लावला आणि फिरवलं. एकदा, दोनदा. संजय चावी घेऊन आत बसला होता. “मारू का?” त्यानं विचारलं.

“थांब,” मी म्हटलं. काहीही अडलं नव्हतं. तरी मी आणखी एकदा फिरवलं.