राष्ट्रीय संघाचा तिसरा गोलकीपर

गाव सोडून गेलेल्या माझ्या भावाबहिणींनो, निघताना तुम्ही कुणाचा एक माणूस कमी करून आलात, हे स्वतःला कधी विचारलं आहे काय?

मी अकरांतला एक कमी केला. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच वर्षी मी पुण्याच्या कॉलेजात जायला निघालो. सेनगावच्या स्टँडवर मला सोडायला आमच्या गावचा अख्खा फुटबॉल संघ आला होता. त्यांच्या डोळ्यांत माया होती, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पिशवीकडे बघत होते. पिशवीत चेंडू होता. गावातला एकमेव. मी डाव्या बाजूचा बॅक. माझ्यावाचून संघाचं बरंच चाललं असतं, चेंडूवाचून चालणं कठीण होतं. पण निरोपाच्या वेळी असं कसं बोलायचं?

शेवटी बाबाच बोलले. "चेंडू काढ मिलिंद. गावाच्या लाथा खाऊन खाऊन तो सार्वजनिक झालेला हाय."

मी काढला. गोलकीपर प्रेमसिंग राठोड पुढे आला आणि बस हलेपर्यंत चेंडू छातीशी धरून उभा राहिला. बाकीच्यांनी हात हलवले. त्याने नाही, त्याचे हात मोकळे नव्हते.

बाबांविषयी सांगायला हवं. ते सोसायटीत कारकून होते, पण त्यांचं खरं काम पत्रकं काढणं. घरात सायक्लोस्टाइलचं जुनं यंत्र होतं आणि आम्हा भावंडांच्या बोटांना कायम शाई. हापशी बंद पडली, पत्रक. शिष्यवृत्ती अडली, पत्रक. रेशनच्या साखरेत खडे निघाले तेव्हा तर पत्रकाला खडाच चिकटवून वाटला होता. प्रत्येक पत्रकाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मतदारयादीच्या शेजारी लागायची. बाबांचा नियम एकच होता: "छापलेलं चुकलं तं माफी बी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायची."

आणि प्रेमसिंग गावाशेजारच्या वरच्या तांड्यावरचा. आमचं मैदान म्हणजे गायरानाचा तुकडा. मुरूम, खडे, मध्येच एक वारूळ. तिथे तो गुडघ्यांना बारदान बांधून आडवा झेपावायचा. कळमनुरीच्या संघाने एकदा त्याच्यावर एका सामन्यात तीन पेनल्टी मारल्या. तिन्ही त्याने धरल्या. तिसऱ्या वेळी मारणाराच येऊन त्याच्या कोपरातला खडा काढून गेला.

पुण्यात मी हॉस्टेलच्या अकरा नंबरच्या खोलीत राहू लागलो. माझा रूममेट तपन बंगालचा. आजूबाजूला केरळचे, गोव्याचे, पंजाबचे. सबमिशन, मेस, कट्टा हे शब्द मी महिन्याभरात शिकलो. एक गोष्ट मात्र मला नवी होती. तिथे लोक फुटबॉल खेळत नव्हते, फुटबॉलवर बोलत होते. गावात आम्ही बोलायचो नाही, कारण पळताना दम लागतो.

एका रविवारी तपनने विषय काढला: आजवर भारताकडून खेळलेल्यांतून बावीस जणांचा सर्वोत्तम संघ निवडायचा. जिवंत, मेलेले, सगळे चालतील. झालं. तीन आठवडे खोलीत दुसरं काही नाही. तपनने एका बैठकीत चौदा बंगाली बसवले आणि उरलेल्या आठ जागांबाबत आपण उदार असल्याचं सांगितलं. गोव्याचा मुलगा मधल्या फळीसाठी जेवण सोडून बसला. मी निवड समितीचा चिटणीस झालो, कारण इतिवृत्त लिहायची सवय फक्त मला होती. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं वहीत.

तिसऱ्या आठवड्यात यादी जवळजवळ झाली आणि माझं रक्त तापलं. बंगाल आहे, हैदराबाद आहे, केरळ, गोवा, पंजाब आहे. मराठवाडा कुठे आहे? ज्यांना कुणी बघायलाच गेलं नाही, ते सर्वोत्तम नव्हते हे कुणी ठरवलं? मी पाऊण तास बोललो आणि सभात्याग केला. सभा माझ्याच कॉटवर भरली असल्यामुळे थोड्या वेळाने परत यावं लागलं. तोवर तपनने तोडगा काढला होता. तिसरा गोलकीपर कुणाच्या लक्षात राहत नाही. तेवढी जागा तू घे. मी ठळक अक्षरात लिहिलं: प्रेमसिंग राठोड, वरचा तांडा, तालुका सेनगाव.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण पत्रकांवर वाढलेल्या माणसाला हस्तलिखितावर समाधान होत नाही. मी यादी छापून घेतली. वर मोठ्या टायपात "भारतीय फुटबॉल संघ : निवड जाहीर". खाली बारीक अक्षरात, आजवरच्या सर्व खेळाडूंमधून. तळाला, निवड समिती, पुणे. खोली क्रमांक जागेअभावी राहून गेला. पन्नास प्रती बाबांना पोस्टाने धाडल्या. बाबांनी मथळा वाचला, माझी प्रगती पाहून त्यांना भरून आलं, आणि एक प्रत त्यांनी नेहमीच्या जागी लावली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मतदारयादीच्या शेजारी.

आमच्याकडे त्या फळ्यावर लागलेली यादी ही सरकारी यादी असते. घरकुलाची, विहिरीची, निराधारांची. नाव आलं की आलं. त्यावर कुणी बारीक अक्षरं वाचत बसत नाही.

आठवड्याने सकाळी हॉस्टेलच्या दारात प्रेमसिंग उभा होता. नवा शर्ट, कपाळावर गुलाल, हातात पत्र्याची पेटी. बरोबर तांड्याचे प्रमुख, नाईक, पांढरा फेटा बांधलेले. तांड्याने हलगी लावून त्याला जीपपर्यंत आणलं होतं आणि बायांनी ओवाळलं होतं, असं नाईकांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "क्याम्प कुठं हाय?"

तेवढ्यात तपनने पेटीवरचं नाव वाचलं आणि ओरडला, "अरे, थर्ड गोलकीपर!" बघता बघता दोन मजल्यांची पोरं खाली उतरून टाळ्या वाजवू लागली. नाईकांनी फेटा सारखा केला आणि सगळ्यांना हात जोडले.

मी प्रेमसिंगला मेसच्या मागे नेलं आणि खरं सांगितलं. तो ऐकत होता, भिंतीचा पोपडा काढत.

"मला ठाऊक हाय लेका," तो म्हणाला. "वाचता येते मला. यादीतले अर्धे वारलेले हायेत."

"मग आलास काहून?"

त्याने सांगितलं ते असं. दसऱ्यानंतर थोरला भाऊ त्याला ऊसतोडीच्या टोळीत नेणार होता. बारावीचं वर्ष, कॉलेज, मैदान, सगळं संपणार होतं. यादी लागली आणि नाईकांनी भर तांड्यात जाहीर केलं की देशाचा खेळाडू कोयता धरणार नाही. भाऊ गप्प बसला. "एवढं एक साल निघू दे मिल्या. बारावी होऊ दे. तू फक्त गप राहा."

इथे माझी आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा होती आणि मी ती पत्रकवाल्याच्या ताठ्याने द्यायला निघालो. म्हणालो, खोट्यावर उभं राहिलेलं मला चालणार नाही. तो म्हणाला, तुला काय चालायचं ते पुण्यात चालते, मला तिकडं चालायचं हाय. मी म्हणालो, माफी छापावी लागेल, बाबांचा नियम आहे. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला कळमनुरीचा तो पेनल्टी मारणारा बरा वाटला. तो निदान खडा काढून गेला होता.

तरी मी खोलीत गेलोच. नाईक माझ्या कॉटवर मांडी घालून चहा पीत होते आणि तपनला तांड्यावर यायचं निमंत्रण देत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. सांगितलं की हे खेळण्यासाठी नाही, चर्चेसाठी होतं. सरकारचा संबंध नाही. समिती म्हणजे आम्हीच. चूक माझी आहे. मी माफीचं पत्रक काढतो आणि त्याचं नाव मागे घेतो.

नाईकांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. घडी घातलेली यादी खिशातून काढून गादीवर पसरली. "ह्यात नावं किती?"

"बावीस."

"तू ह्यातल्या किती जनाला खेळताना पाह्यलं? तुझ्या डोळ्यानं?"

मी तपनकडे पाहिलं. तपन छताकडे बघत होता.

"एकालाच," मी म्हणालो.

"कोनाला?"

"प्रेमसिंगला."

"मंग त्या एकवीस नावाची माफी माग," नाईक म्हणाले. "आमच्या पोराचं नाव खोडू नको."

मित्रहो, मी अनेक पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आहेत, पण इतकं चोख काही ऐकलेलं नाही. मी माफीचं पत्रक काढलं. तेवढ्याच मोठ्या अक्षरात: यादीतील एकवीस नावे ऐकीव असून त्यांबद्दल समिती दिलगीर आहे, तिसऱ्या गोलकीपरचे नाव प्रत्यक्ष पाहून दिलेले असून ते कायम आहे. हा संघ मैदानात उतरणार नाही, हेही त्यात मोठ्या टायपातच होतं. तपन माझ्याशी आठ दिवस बोलला नाही.

नाईकांनी तांड्यावर काय सांगितलं हे मला नंतर कळलं. त्यांनी पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं, आणि थोरल्या भावाला म्हणाले, नाव कायम हाय, ऐकलं ना? प्रेमसिंग त्या साली ऊसतोडीला गेला नाही. बारावी झाला. दुसऱ्या खेपेला झाला, हेही खरं सांगतो. आज तो एका आश्रमशाळेत खेळाचा मदतनीस आहे. गायरानातलं वारूळ अजून तिथेच आहे म्हणे, पोरं त्याला वळसा घालून ड्रिबल करायला शिकतात. माझ्याशी तो दोन वर्षं नीट बोलला नाही. त्याचं बरोबर होतं.

आता मला पुण्यात सात वर्षं झाली. इथे माझी सगळ्यावर मतं आहेत. धरणांवर, बजेटवर, न पाहिलेल्या देशांच्या निवडणुकांवर. ती छापून येतात आणि लोक वाचतात. पण कुणी नाईकांसारखं विचारलं, यातलं तू डोळ्यांनी किती पाहिलंस, तर माझं बोट पुन्हा त्या मुरमाच्या गायरानाकडे जातं. तिथला मी साक्षीदार आहे. बाकी सगळीकडे मी ऐकून आलेला माणूस आहे. गाव म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मी आईच्या हातची भाकरी सांगत नाही, जरी ती आठवते. मी म्हणतो, ज्या ठिकाणच्या माणसांबद्दल मी शपथेवर बोलू शकतो, ते माझं गाव.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो, आणि ते आजच करा. एक कागद घ्या. तुमच्या गावातलं असं एक माणूस आठवा, ज्याला फक्त तुम्ही आणि गावाने पाहिलं; पोहणारा असेल, गाणारी असेल, विहीर बांधणारा असेल. त्याचं पूर्ण नाव, वस्ती आणि तालुका मोठ्या अक्षरात लिहा. खाली तुम्ही काय पाहिलं ते एका ओळीत लिहा, आणि तुमची सही करा. मग तो कागद पोस्टात टाका, त्याच माणसाच्या पत्त्यावर.