ओठ ऊचे, जीभ ईची

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की युसूफवडगावच्या आमच्या घरात दुपारी दोघीच उरायचो, मी आणि काकू. काकू म्हणजे माझी चुलती. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तिच्याकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून आले होते. घरबसल्या काम मिळेल या आशेनं मोबाइलवर फ्रेंच शिकत होते.

व्याकरण जमत होतं, स्वर जमत नव्हते. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "ओठ ऊ म्हणतो तसे गोल करा. आता ते न हलवता आतून ई म्हणा." मी आरशासमोर बसून तेच करायची. ऊही नाही, ईही नाही, असा मधलाच एक आवाज. कधी निघायचा, कधी नुसती शिट्टी वाजायची.

एका दुपारी दमून थांबले, तर तो आवाज आला. स्वच्छ, लांब, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मोबाइल बंद होता. आतल्या खोलीत गेले. काकू भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिचे ओठ गोल होते.

"काकू, तू बोललीस?"

तिनं डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी आईला सांगितलं. आधी तिला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी ती शेतात गेलीच नाही. दुपारी मी सराव सुरू केला आणि आतून उत्तर आलं. आईनं माझा दंड धरला.

"हा तिचा आवाज न्हाई. पंचवीस वर्सं एका चुलीवर सैपाक केलाय आमी. मला कळत न्हाई व्हय?"

तिनं काकूच्या कपाळाला अंगारा लावला आणि मला सराव बंद करायला लावला. पण बाईंच्या ऑनलाइन तासाला तरी बोलावंच लागायचं. पुढच्या तासाला बाई मधेच थांबल्या.

"तुमच्यासोबत अजून कोण शिकतंय? त्यांचा उच्चार छान आहे."

मला मान वळवून आतल्या दाराकडं बघायचं धाडस झालं नाही.

मग काकूला नाकातले स्वर यायला लागले. 'न' हा उच्चार ओठावर येता येता थांबतो आणि स्वर नाकात घुमत राहतो, तसले. हा धडा आमचा अजून व्हायचा होता. कधीतरी मी पुढचा व्हिडिओ लावून ठेवला असेल आणि तिनं तो ऐकला असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. लावल्याचं आठवत मात्र नाही.

संक्रांतीच्या आसपास शब्द आले. पहिला, 'दूध'. शब्द आपला, पण त्यातला ऊ माझ्या धड्यातला. वडिलांना आनंद झाला, ते तिला अंबाजोगाईला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा आजारात वाचा परत येताना कधीकधी उच्चार बदलतात, माणूस परक्या मुलखातला वाटायला लागतो. घाबरू नका, बोलतं ठेवा. वडिलांचं समाधान झालं. आईचं झालं नाही. ती काकूला जेवू घालायची, वेणी घालायची, पण काकू बोलायला लागली की हातातलं काम टाकून बाहेर जायची.

म्हणून तिच्याशी मीच बोलायचे. एक दिवस तिचे पाय चोळत होते. ती अडखळत म्हणाली, "ऊन... लई हाय." तेवढं बोलून दचकली. डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं आणि खोलीभर नजर फिरवली.

"कोण बोलतंय गं हे?"

"तूच की, काकू. तूच बोलतीस."

तिनं हळूहळू मान हलवली. नाही. घशाला हात लावून पाहिला, जसा दुसऱ्याच्या अंगाला लावावा तसा. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला कवळून बसण्यापलीकडं मला काही सुचलं नाही. इतके दिवस आम्ही तिला घाबरत होतो, आणि ती एकटीच त्या आवाजाबरोबर खोलीत पडून होती.

त्यानंतर ती आमच्याशी बोलली नाही. पाणी हवं, कूस बदलायची, सगळं डाव्या हाताच्या खुणेनं. माझी परीक्षा झाली, कामही मिळालं. आता मी दुपारी बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसते. कधी काढला तर आतून हलक्या आवाजात बोलणं ऐकू येतं. काकू काहीतरी विचारते आणि थांबते. पुन्हा विचारते, पुन्हा थांबते. आजकाल ती थांबते, ते ऐकून घेण्यासाठी थांबल्यासारखं वाटतं.